बाजाराच्या दिवशी आलेला दिल्लीचा फोन

फोन लागण्याच्या बेतात असला की मावशी उजवा हात वर करत. तळवा समोर, बोटे जुळलेली. तेवढ्याने बूथमधली माणसे गप्प होत. बाहेर ओट्यावर टेकलेलीही होत. मग पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हटले की हात खाली येई आणि त्या गिऱ्हाइकाला सांगत, "बोल. पण जोरानं बोल, थो दूर हाय."

आपल्यापैकी ज्यांनी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ पाहिले आहेत, त्यांना त्या काचेच्या खोक्याचे वर्णन करून सांगायला नको. बोरी अरबच्या बाजारातल्या या बूथचे वैशिष्ट्य एवढेच, की त्याचे दार कधी लागत नसे. मावशी लहानपणापासून एका पायाने अधू होत्या. अपंगांसाठीच्या योजनेतून त्यांना तो बूथ मिळाला होता. गल्ल्यामागे बुद्धाची तसबीर, तसबिरीखाली मावशी, आणि त्यांच्यापुढे दुसरा एक रिसीव्हर. लाइन नीट लागली की नाही, हे पाहण्यासाठी तो होता. मावशी त्यावर संभाषण शेवटपर्यंत ऐकत, आणि ऐकतो आहोत हे लपवतही नसत.

उलट, त्यांची मदतच व्हायची. कोणी घाईने बोलणे संपवू लागला की गल्ल्यामागून आवाज येई, "आईचं इचारलं नाई तुवं." एकदा एक तरणा माणूस रुसून माहेरी गेलेल्या बायकोशी बराच वेळ पावसापाण्याचे बोलत होता. मावशींनी शेवटी कपाळाला हात लावला. "अबे, ‘चुकलं’ म्हन ना! थेच राह्यलं." तो म्हणाला. बायको परत आली, असे नंतर ऐकले. खरेखोटे मला माहीत नाही.

मी त्या वेळी अमरावतीला एम.कॉम. करत होते. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात. मी त्यांतली होते. विभागाच्या फळ्यावर एक सूचना लागली: दिल्लीतील एका परदेशी दूतावासाच्या वित्त विभागात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येईल, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल, वेतन मिळणार नाही. ती मी वहीत शब्दन्‌शब्द उतरवून घेतली. मी कोणालाही न विचारता अर्ज पाठवला. फोन क्रमांक देणे सक्तीचे होते आणि आमच्या घरी फोन नव्हता. मी बूथचा दिला, आणि मग मावशींना सांगणे भाग पडले.

"दूतावास म्हंजे काय व?"

"दुसऱ्या देशाचं ऑफिस. आपल्या देशात."

"अन तू त्याइचा हिशेब पाह्यशीन?"

"शिकीन."

"म्हंजे पाह्यशीनच."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळले. चहावाल्याने माझ्या वडिलांना अभिनंदनाचा चहा पाजला, तेव्हा त्यांना ही बातमी प्रथम समजली.

वडील जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. ती वर्षे कापसाची फार वाईट होती. जिनाची यंत्रे पूर्वी उन्हाळ्यापर्यंत चालत. आता संक्रांत होते न होते तोच ती थंडावत, आणि काट्यावरच्या माणसांना घरी बसवले जाई. माझ्या शिक्षणाकडे घर डोळे लावून बसले होते. दारव्ह्याच्या एका पतसंस्थेत उन्हाळ्यापुरते काम मिळण्यासारखे होते, आणि त्याला पगार होता. वडील मला रागावले नाहीत. ते सरळ बूथवर गेले आणि म्हणाले, "मावशी, दिल्लीचा फोन आला तं नाई म्हनून सांगजा. पगार नाई, तं त्याले काम कायले म्हनते?"

मावशींनी त्यांना बसायला स्टूल दिले. "भाऊ, पोरगी इतके वर्षं कॉलेजात गेली. कॉलेजनं पगार देला का तिले?"

"थे शिकनं होतं."

"मंग हे काय हाय?"

वडील स्टूल सरकवून उठले. घरी येऊन आईला एवढेच म्हणाले, "बलावलं तं पाहू."

मुलाखतीचे बोलावणे आले. ती फोनवरच होती आणि नेमकी बाजाराच्या दिवशी दुपारी. मी रडकुंडीला आले. मावशी मात्र एखाद्या लग्नघरातल्यासारख्या कामाला लागल्या. भांडेवाल्याचा भोंगा बंद झाला. मिरचीवाल्या बायांना आवाज न करता माल विकण्याची विनंती झाली. समोरच्या गॅरेजातले मिस्त्री ट्रकचे इंजिन तपासत होते. त्यांनी ते बंद करून हात पुसले आणि तेही येऊन उभे राहिले. अर्थात या सगळ्यामुळे, ज्यांना काही ठाऊक नव्हते तेही काय चालले आहे ते पाहायला गोळा झाले.

घंटी वाजली. मावशींचा हात वर गेला. बाजाराचा तेवढा कोपरा खरोखर गप्प झाला.

पलीकडे एक परदेशी बाई होत्या. मी माझ्या नेहमीच्या आवाजात उत्तर दिले. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा दिले. त्यांना काहीच ऐकू येईना.

"जोरानं, माय!" मावशी ओरडल्या.

मग मीही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक काय, परकीय चलनातला व्यवहार कोणत्या दराने नोंदवावा, हे सारे मी इंग्रजीत, मिरच्यांच्या ढिगांकडे पाहत, घशाच्या शिरा ताणून सांगितले. बोलता बोलता लक्षात आले, की मला हे सगळे येते. ते कळण्यातला आनंद कसा सांगू? मागे कोणीतरी शिटी वाजवली आणि मावशींनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो निघूनच गेला.

शेवटी बाईंनी विचारले, की वेतन नाही हे तुला ठाऊक आहेच. मग दिल्लीत राहण्याची काय व्यवस्था केली आहेस? ती खात्री झाल्याशिवाय आम्हाला कोणाला बोलावता येत नाही.

माझे दिल्लीत कोणीही नव्हते. मी गप्प झाले. मावशींना इंग्रजी येत नव्हते, पण टेलिफोनवर गप्प झालेले माणूस त्यांना बरोबर ओळखू येई. "काय इचारते?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "कुठं राहशील म्हणते."

मावशींनी आपला रिसीव्हर तोंडाशी नेला. "मॅडम, रहने का सब पक्का है. अपने घर के लोग हैं उधर. आप लडकी की फिकर मत करो."

पलीकडून प्रश्न आला: कोण बोलले हे?

"माझी मावशी!" मी इंग्रजीत ओरडले.

बाई हसल्या. त्यांना तेवढे हिंदी समजत असावे. म्हणाल्या, "मावशीला सांग, परीक्षा संपली की तुला पाठवून दे."

फोन ठेवून मी मावशींकडे वळले. "मावशी, दिल्लीत आपलं कोन आहे?"

"आता तं कोनी नाई. सांजेपर्यंत होईन." आणि त्या गर्दीकडे वळल्या. "काहो मिस्त्री, तुमची बहीण दिल्लीलेच दिली ना?"

मिस्त्री पुढे झाले. "हाँ, तो? लगाओ ना फोन, मावशी! इसमें सोचना क्या?"

फोन लागला. पुन्हा हात वर, पुन्हा शांतता. मिस्त्री एक वाक्य बोलले. बाकीचे मावशी बोलल्या. बहिणीच्या घरी मुलीच्या खोलीत एक खाट रिकामी होती, आणि बसथांबा जवळ होता. मग मावशींनी गर्दीवरून नजर फिरवली आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या वडिलांपुढे रिसीव्हर धरला. ते केव्हापासून तिथे होते, मला कळलेच नव्हते.

"तुमी बोला, भाऊ. पोरगी तुमची हाय."

वडिलांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. दिल्लीतल्या त्या अनोळखी बाईला ते फक्त म्हणाले, "ताई, पोरगी जास्त बोलत नाई. समजून घेजा."

माझे ओरडणे नुकतेच ऐकलेला तो सगळा बाजार पोट धरधरून हसला. वडीलही हसले.

पुढे मोबाइल आले. काचेचे खोके निघाले. मावशी राजूरला भाचीकडे राहायला गेल्या, आणि तिथेच वारल्याचे मला फार उशिरा कळले.

पण त्या उन्हाळ्यात, दिल्लीतल्या माझ्या पहिल्याच दिवशी, दुपारी, त्या परदेशी बाईंनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "मावशीला कळव, पोचलीस म्हणून."

"जेवली का?" मावशींनी विचारले. "बसाले खुर्ची दिली का?"

"दिली. खिडकीपाशी."

"काय दिसते?"

"झाडं. एक माळी पाणी घालून राह्यला."

"थांब. हे भाऊले तुयाच तोंडून आयकू दे. बलावून आणतो."

"मावशी, आमचं घर किती दूर आहे! तुमचा पाय..."

पण रिसीव्हर गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज झाला होता. मी ऐकत राहिले. कोणी मिरचीचा भाव पाडत होते. एक सायकल घंटी वाजवत गेली. कोणाचे तरी मूल काहीतरी मागत होते आणि त्याला ते मिळत नव्हते.

"कोणी नाही का तिकडे?" बाईंनी हळूच विचारले.

मी मान हलवून ‘आहेत’ म्हटले, आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला.