धोंडुबाईंचा सव्वा महिना

आमच्या अष्टमी गावात बाळ-बाळंतिणीवर राज्य धोंडुबाईंचं. पुलापलीकडे रोह्यातही त्यांचाच शब्द चाले. सकाळी सातला अंघोळ घालायला यायच्या त्या आमचा उद्धार करतच. शेक घेताना हूं की चूं केलं तर ओरडा बसे. सव्वा महिना बाळंतिणीने आणि बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा कायदा. आज तो ओव्याचा धूर, तो ओरडा सारखा आठवतो. तेव्हा मात्र ती बाई मला मुळीच आवडत नव्हती, हेही सांगून टाकते.

१९९६ साली माझी प्रणिता सातव्या महिन्यातच जन्मली. सव्वा किलोची. पेणच्या एका दवाखान्यात तीन आठवडे काचेच्या पेटीत, ऑक्सिजनवर होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा आतून खराब होऊ शकतो, बाहेरून काही कळत नाही; जन्मापासून महिन्याच्या आत मुंबईला डोळे दाखवा.

सासूबाई अडून बसल्या. पोरगी चांगली टुकुटुकु बघतेय, मग सव्वा महिन्याआधी बाहेर काढायची कशाला? अमोल, माझा नवरा, नेहमीसारखा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी धोंडुबाईंनाच विचारायचं ठरलं. मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

त्या प्रणिताचे पाय चोळत होत्या. हात थांबला.

"उद्याच्या गाडीने न्या," त्या म्हणाल्या. "मी पन येते संगती."

सासूबाई बाळाची दुपटी बांधायला उठल्या.

एसटी वाटेतल्या गडब गावाला आली तसं धोंडुबाईंनी खिडकीकडचं तोंड फिरवलं. मग हळूहळू सांगितलं. पाच वर्षांपूर्वी तिथे सासर असलेल्या नमिताचा शिवा अष्टमीला माहेरी असाच दिवस भरण्याआधी झालेला. तिलाही बाळाचे डोळे दाखवायला सांगितलं होतं. धोंडुबाईंनी अडवलं होतं. सव्वा महिना पुरा करून गेली, तेव्हा उशीर झालेला. पोराला दिसत नाही. नशीब म्हणायचं, असं त्या म्हणाल्या.

मुंबईच्या डॉक्टरांनी प्रणिताला तपासलं, आठवड्याने पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला डोळ्यांत लेसर केलं. म्हणाले, वेळेत आणलंत, नजर वाचेल; सव्वा महिना थांबला असतात तर बहुतेक हातची गेली असती.

अमोल आणि मी रडत हसत होतो. धोंडुबाई बाकावर बसल्या होत्या, पदर तोंडात कोंबून. नशीब हा शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. परतताना त्या एकट्याच गडबला उतरल्या.

पुढे कित्येक वर्षं, बाळ दिवस भरण्याआधीचं असलं तर डोळे दाखवल्याशिवाय त्या त्याला हात लावत नसत. पण मला आठवते ती मुंबईहून परतल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी विचारलं, नमिताला सगळं सांगितलंत का?

"व्हय. माझ्यापायीच झालं, म्हटलं."

"मग ती काय बोलली?"

"शिवाला हाक मारली. तुला न्हाऊ घातलेली आजी आली हाय, म्हनाली." धोंडुबाईंनी प्रणिताला पायांवर घेतलं. "पोर आलं. माझं तोंड चाचपलं त्यानं. नि आयशीला म्हनतो कसा, आये, आजी रडते गो."