जिभेखालची गोळी

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. देवापुढेही नाही — तिथे हात जोडले की तोंडातून दुसरंच काही निघायचं. तुम्ही आपले म्हणून ऐका, किंवा परके म्हणून ऐका. मी चौथी शिकलेली बाई, जमेल तसं लिहिते.

मला सुनील हा एकच मुलगा. आम्ही मूळचे खानदेशातले, लग्नानंतर सुरतेला आलो, नवागामात घर. सुनील पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. बारा तास उभं राहायचं, वाफेत. आधी दारू लागली — गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात, पण पिशवीतली दारू, पोटली म्हणतात ती, गल्लोगल्ली मिळते. मग पुडी लागली, अफूपासून काढतात ती. किती वर्षं गेली त्यात, ते सांगून काय करू? बायकोवर हात उचलला नाही एवढं खरं. बाकी सगळं करून झालं.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं ते मंगलनं, माझ्या सुनेनं. मी तोवर अंगारेच आणत होते. डॉक्टरनं रोजची गोळी लावून दिली — जिभेखाली ठेवायची आणि विरघळू द्यायची. गोळ्या मंगलच्या हातात देत, त्याच्या हाती देऊन चालत नव्हतं. आणि तो सुधारला. हे मला लिहिलंच पाहिजे. दारू सुटली, पुडी सुटली, अंगावर मांस आलं. मुलीला शाळेत सोडून कामावर जायचा.

मग मला काय दुखत होतं? ती गोळीच. रोज सकाळी तोंड मिटून बसलेला पोरगा बघितला की वाटायचं, सुटलं कुठे? नुसतं दुकान बदललं. शेजारणी विचारायच्या, "सुनील अजून गोळीवरच का हो?" मला लाज वाटायची. पुडी घेत होता तेव्हा एवढी वाटली नव्हती — का, ते मला आजही सांगता येत नाही.

एकदा मी स्वतः डॉक्टरला विचारलं, ही बंद कधी होणार? तो गुजराती. हसून म्हणाला, "बा, तमे प्रेशरनी गोळी लो छो ने? आ पण एवी ज. जाते बंद नहि करवानी." ही पण तुमच्या प्रेशरच्या गोळीसारखीच, आपल्या मनानं बंद करायची नाही, असं बजावलं. मी मान हलवली. घरी आले, माझी प्रेशरची गोळी घेतली. त्याचं बोलणं मात्र पटवून घेतलं नाही.

श्रावणात आमच्यात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, गहू घेतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं, सव्वा मूठ. ज्याच्या नावाची मूठ नाही, तो त्या घरचा नाही. असं कोणी बोलत नाही, पण कळतं सगळ्यांना. मी गहू निवडत होते, सुनील समोर बसला होता, मंगल बाहेर गेली होती. मी म्हटलं, "तुन्हा नावनी मूठ मी लेवाव नही. देवीले नशेबाज चालत नही."

"माय, ते औषध शे."

"औषध माणूस बरा झाला की बंद होतं. भाऊबंदांना काय सांगू? पोरानं बाटली सोडली आणि चुसणी धरली?"

तो हसला नाही. गव्हातले खडे काढायला लागला. मग म्हणाला, "मन्हा नावनी मूठ ले, माय. पण मंगलले सांगू नको. ती रडत बसी."

त्या दिवसापासून मंगल त्याच्या हातावर गोळी ठेवायची, तो हात तोंडाकडे न्यायचा, आणि गोळी मुठीतच राहायची. ती तो मला आणून द्यायचा. मी मोरीत टाकून वर पाणी ओतायची.

त्याच्या नाकातून पाणी वाहायला लागलं. जुलाब, पायात गोळे, झोप नाही. मंगलला त्यानं व्हायरल सांगितलं, ती काढे करत बसली. मला ठाऊक होतं हे कशानं होतंय. एकदा मोरीच्या दाराशी वाकून तो म्हणाला, "माय, आज एक घेऊ का?"

मी म्हटलं, "देवी बसेल आता."

रोट झाला. कानबाईला तापीत सोडलं. आणि काही दिवसांनी मिलमधल्या कोणीतरी त्याला पुडी दिली, त्यानं ती जुन्या मापानं घेतली. कापडाच्या ताग्यांमागे भरदुपारी मरून पडलेला सापडला तो. डॉक्टर म्हणाला, गोळी तुटली की अंगाची सवय जाते, मग जुनं माप झेपत नाही. त्यानंच मंगलला विचारलं, गोळी चालू होती का?

"रोज दिली. माझ्या हातानं."

खोटं बोलते, म्हणाले सगळे. माझ्या दिरानं मला विचारलं, "वहिनी, तू तर घरातच असते. देत होती का ती?"

मी म्हटलं, "गोळ्या तिच्याकडे असायच्या. मला काय माहीत?"

हेच. हेच सांगायचं होतं.

तिला तेव्हापासून भाऊबंदांत कोणी हळदीकुंकवाला तर नाहीच, साध्या जेवणालाही बोलावत नाही. ती साड्यांना स्टोन लावते आणि मला सांभाळते. नात आता लग्नाची झाली; मागच्या महिन्यात तिला बघायला पाहुणे आले होते. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंच. मुलाची आई तोंडावर बोलली, "नवऱ्याचं औषध बुडवणारीची लेक आम्ही कशी न्यावी?" मंगल म्हणाली, "मी रोज देत होते," आणि कप गोळा केले. मी खाटेवर बसून बशीतला चहा पीत होते. पिऊन संपवला.

मंगल मला घराबाहेर काढेल म्हणून गप्प राहिले, असं लिहू? तेही पुरतं खरं नाही. माझ्या पोराला मी मारलं हे ऐकवत नव्हतं. तिनं मारलं, हे ऐकायला सोपं गेलं.

सोयरीक मोडली ती मोडली. मंगल आत्ता बाहेर ओट्यावर साडी पसरून बसली आहे. हे लिहून झालं की मी तिच्याजवळ जाणार आहे. तू रोज दिलीस, मी मोरीत टाकली — एवढं बोलेन. पुढचं ती बोलेल.