बाणकाकांचं वर्तुळ

बाणकाकांची बायको बहिणीकडे निघून गेली, त्याला निमित्त झालं दुधाचं. दूध उतू गेलं तेव्हा काका ओट्यापाशीच उभे होते. पण दूध मुळात उतू का जातं, याचा नकाशा ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर काढत होते. बायकोनं गॅस बंद केला आणि बॅग भरली. "आता माझ्यापासून एक बाण काढा, थेट दाराबाहेर," एवढं बोलून ती गेली.

समाजाच्या दुखण्यांवर इलाज शोधणाऱ्या संशोधकांच्या गटांना वाट दाखवणं, हे काकांचं काम. दवाखान्यातली न हलणारी रांग असो नाहीतर ओस पडलेली बाग, काका म्हणायचे, उपायाची घाई नको, कशामुळे काय होतं ते आधी बघा. मग भिंतभर कागद आणि त्यावर वर्तुळं आणि बाणच बाण. एक नियम मात्र दगडावरची रेघ होता: तक्रार ज्याची, पहिलं वर्तुळ त्याचं. या नियमानं त्यांनी भल्याभल्यांना रडकुंडीला आणलं होतं.

बायको गेल्यानंतरच्या सोमवारी गटासमोर काका ओस बागेचा विषय सोडून भलतंच बोलायला लागले.

"समजा, एका घरातलं माणूस कुणाचं ऐकूनच घेत नाही, तडक बहिणीकडे जातं."

गटातल्या चौघांनी काय ते ओळखलं. काकांनी भराभर कागद भरला. दूध, गॅस, मेहुणी, बायकोचा स्वभाव, पुन्हा मेहुणी.

"काका, तुमचं वर्तुळ?" गटातल्या शिक्षिकेनं विचारलं.

काकांनी कोपऱ्यात वाटाण्याएवढं वर्तुळ काढलं.

"मोठं काढा!" चौघंही ओरडले.

मोठं काढल्यावर त्यातून बाण सुटत गेले: समजावणं, सल्ला देणं, चुका दाखवणं. आत येणारा बाण एकही नव्हता. काका मटकन खाली बसले. त्यांची खरंच कीव आली सगळ्यांना, पण हसूही आवरेना.

संध्याकाळी ते मेहुणीच्या दारात उभे राहिले, काखेत कागदाची गुंडाळी. बायकोनंच दार उघडलं आणि गुंडाळी बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. काकांचा हात सवयीनं गुंडाळीच्या रबराकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला.

"तू सांग," ते म्हणाले. "मी ऐकतो."



"लग्नापासूनचं साठलंय," बायको म्हणाली.

"चालेल."

"मग आधी खिशातलं ते पेन द्या इकडे."

काकांनी दिलं. मग जरा थांबून दुसऱ्या खिशातलंही दिलं.