दुसऱ्या गटातले काटेवाले

विद्यापीठात काटेवाल्यांना ओळखत नाही असा शिपाई शोधून सापडला नसता. पण हा गृहस्थ इथे नेमका करतो काय, असं विचारलं असतं तर भल्याभल्या प्राध्यापकांची दांडी गुल झाली असती. ते शिकवत नव्हते, शिकत नव्हते, कचेरीत कागदही इकडचे तिकडे करत नव्हते. ते नमुना होते.

हा शब्द त्यांना नवा नव्हता. लग्न झाल्यापासून बायको त्यांना हेच म्हणत आली होती. दुकानदाराच्या काट्यातली खोट काढून, त्याच्याशी हुज्जत घालून हे रिकाम्या पिशवीने घरी आले की ती कपाळाला हात लावायची. "काय नमुना पदरी पडलाय माझ्या!" आणि मग स्वतःच हसायची, "पदरी पडलं आणि पवित्र झालं, आता काय बोलायचं!" जन्मभर ज्या शब्दाने टोमणे खाल्ले त्याच शब्दाने म्हातारपणी मान मिळवून दिला. ही गंमत बघायला ती मात्र राहिली नाही.

नोकरी वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात झाली. सराफाच्या नाजूक काट्यापासून गोदामातल्या पोत्यांच्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. टेबलाच्या खणात मखमल लावलेली एक पेटी असे आणि त्या पेटीत प्रमाणवजनं. बाकीची सगळी वजनं त्यांच्याशी ताडून बघायची. त्यांना मात्र हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायची. हाताचा घाम लागला, धूळ बसली, की वजन बदललं, आणि तेच बदललं तर ताडायचं कशाशी? नव्या कारागिराला काटेवाले पहिल्या दिवशी हेच सांगत आणि त्याने चुकून बोट लावलं तर दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. मापात पाप त्यांना खपत नसे.

बायको गेली आणि घर गप्प झालं. मुलगा दुसऱ्या देशात. तो रविवारी फोन करायचा, रक्तदाब विचारायचा, तिकडच्या थंडीचं सांगायचं काम उरकायचा आणि "ठेवू का बाबा?" म्हणायचा. बाबा "ठेव" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? उरलेले दिवस ते रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईला "बरं, बरं" म्हणून उत्तर द्यायचे. एका दुपारी आपण तिला "जेवलात का?" असं विचारल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच भीती वाटली आणि ते चपला घालून बाहेर पडले.

चालत चालत विद्यापीठात शिरले. अन्नशास्त्राच्या इमारतीबाहेर फळ्यावर कागद लावला होता: बिस्किटं चाखायला माणसं हवीत. काटेवाले आत गेले. बिस्किटांचा रंग कळू नये म्हणून लाल दिवा लावलेल्या छोट्या कप्प्यात बसवून त्यांना तीन बिस्किटं दिली आणि त्यातलं वेगळं कोणतं ते विचारलं. उत्तर चुकलं. पण तिथल्या बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि "नीट सांगा हं, तुम्हाला नेमकं काय वाटलं?" असं विचारलं. तुम्हाला काय वाटलं, हे त्यांना कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. अभियांत्रिकीवाल्यांनी त्यांच्या गुडघ्यांवर चकचकीत टिकल्या चिकटवून त्यांना पट्ट्यावर चालवलं, म्हातारी माणसं पडतात कशी ते शोधायला. भाषाशास्त्राच्या मुलाने त्यांच्याकडून "चमचा" आणि "चिमटा" पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, त्या दोन 'च'मध्ये जीभ कुठे टेकते ते पाहायला. काटेवाल्यांना दोन 'च' आहेत हेच ठाऊक नव्हतं. घरी जाऊन आरशासमोर जीभ बाहेर काढून त्यांनी खात्री करून घेतली. मानसशास्त्रात शाईचा रंग सांगायचा होता, तर हिरव्या शाईत लिहिलेल्या 'लाल' या शब्दापुढे त्यांची फजिती झाली. अर्थशास्त्रवाल्यांनी लाकडी सोंगट्या देऊन, पलीकडच्या खोलीतल्या न दिसणाऱ्या माणसाला किती द्याल असं विचारलं. यांनी निम्म्या दिल्या आणि तो माणूस कसा आहे, बरा आहे ना, असं उलट विचारलं. इतिहासवाल्या बाईंनी जुन्या बाजाराबद्दल सगळी दुपार बोलू दिलं. एक गणित विभाग तेवढा त्यांना कधी बोलावत नसे. त्या इमारतीवरून जाताना काटेवाले जरा रेंगाळायचे. गणिताला माणूस लागत नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

जिथे जात तिथे ते सांगितलेलं तंतोतंत पाळत. चहा घेऊन येऊ नका म्हटलं तर आदल्या संध्याकाळपासून चहाच्या डब्याला शिवत नसत. "काका, तुमच्यासारखा नमुना मिळत नाही," असं कुणी म्हटलं की ते मनातल्या मनात बायकोला म्हणायचे, ऐकलंस?

मग समाजशास्त्राची मुलगी आली. घरी आली, हे विशेष. एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या घरी दर आठवड्याला कुणी जाऊन तासभर बसलं, बोललं, तर त्यांच्यात काय फरक पडतो, असा तिचा अभ्यास होता. वर्षभराचा. शिडशिडीत, चष्मेवाली, आणि प्रश्न विचारताना स्वतःच अवघडणारी. प्रश्न साधाच होता: "तुम्हाला एकटं वाटतं का? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, की नेहमी?"

"कधी कधी," काटेवाले म्हणाले.

तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला. काटेवाल्यांचा जीव मात्र अडकला. हे मापात पाप झालं.

"थांब गं पोरी," ते म्हणाले. "ते खोड. नेहमी लिही."

ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, मुलाला नाही, स्वतःलाही नाही. ते बोलून झाल्यावर त्यांना लाज वाटली आणि हलकंही वाटलं. मुलगी गेल्यावर त्यांनी कपाटातला बायकोचा कप काढून घासून ठेवला. आठवड्याला कुणी येणार तर दुसरा कप हवाच.

दहाएक दिवसांनी तिचा फोन आला. "काका, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेत आम्ही. पहिल्या गटाकडे आमची माणसं दर आठवड्याला जाणार. तुम्ही दुसऱ्या गटात आलात."

"मग माझ्याकडे कधी?"

"दुसऱ्या गटाकडे कुणी जात नाही, काका. वर्षानंतर मी एकदा येईन, हेच प्रश्न विचारायला. पहिल्या गटाची तुलना तुमच्या गटाशी करायची असते ना, म्हणून. तुमचं जसं चाललंय तसंच चालू द्या, बस. आणि हो, या वर्षात दुसऱ्या कुठल्या विभागाच्या अभ्यासात भाग घेऊ नका. निष्कर्ष गढूळ होतात."

काटेवाल्यांनी फोन ठेवला. घासलेला कप समोर पालथा होता. वाईट वाटलं, खूपच वाटलं, खोटं कशाला बोला. पण थोड्या वेळाने त्यांना मखमलीची पेटी आठवली. तुलना ज्याच्याशी करायची त्याला हात लावायचा नसतो! हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? आपण प्रमाणवजन आहोत. वर्षभर जसे आहोत तसे राहायचं, कुणाचं बोट लागू द्यायचं नाही. त्यांनी कप उचलून कपाटात ठेवला. विद्यापीठात जाणं बंद केलं. वाटेत बिस्किटवाल्या बाई भेटल्या तर लांबून मान हलवून रस्ता ओलांडू लागले. बाईंना वाटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय.

आणि दैव बघा. जन्मभर ज्या जिन्यावर "कसं काय?" विचारणारं कुणी नव्हतं, तिथे त्याच महिन्यात समोरच्या खोलीत निवृत्त बसड्रायव्हर राहायला आला. विधुर, ढेरपोट्या, आवाज असा की बोलला की खिडकीची तावदानं थरथरावीत. तिसऱ्याच दिवशी पत्त्यांचा जोड घेऊन दारात उभा. "अहो, तुम्ही काटेवाले ना? विद्यापीठातल्या शिपायाने सांगितलं. चला, एक डाव रमी."

काटेवाल्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडलाच होता. तो त्यांनी मागे घेतला.

"सध्या जमायचं नाही," ते म्हणाले. "वर्षभर."

"वर्षभर? जन्मठेप झालीय का काय?"

"एका कामात आहे."

कोणतं काम ते सांगायचं तर एकटेपणाच्या अभ्यासात आहे हेही सांगावं लागलं असतं. ते सांगायला जीभ रेटेना. ड्रायव्हर खो खो हसला आणि गेला. पण तो काही सहजासहजी हार मानणारा नव्हता. बस चुकलेल्या प्रवाशासाठी थांबायची त्याची जुनी खोड असावी. दर दोन-चार दिवसांनी दार वाजे, "झालं का वर्ष?" आतून काटेवाले म्हणत, "नाही झालं." कधी कधी ते दाराशी येऊन, कडीवर हात ठेवून, तो परत जाईपर्यंत नुसते उभे राहत. संध्याकाळी समोरून पत्ते पिसल्याचा आवाज यायचा. एकटाच काहीतरी लावत बसलेला असायचा. काटेवाल्यांना वाटे, जावं. एक डाव. कुणाला कळणार आहे? पण मग ती मुलगी आठवे, विश्वासाने वर्षभराचं काम उभं करून बसलेली. आपल्यामुळे तिचा काटा चुकायचा! ते रेडिओ लावत आणि बातम्यांनाही उत्तर देत नसत.

हिवाळा सरता सरता ड्रायव्हर जिन्यावर घसरला. पायाला प्लास्टर लागलं. त्याची मुलगी त्याला दूर आपल्या गावी न्यायला आली. सामान गाडीत चढत असताना दार वाजलं. काटेवाल्यांनी उघडलं. ड्रायव्हर काठीवर रेलून उभा होता आणि या खेपेला हसत नव्हता.

"नाहीच झालं ना वर्ष?"

"नाही अजून."

"धरा हे," म्हणत त्याने पत्त्यांचा जोड त्यांच्या हातात कोंबला. "जोकरवर माझा नंबर लिहिलाय. झालं की फोन करा." आणि काठी टेकत, एकेक पायरी शिव्या देत, तो खाली उतरला. काटेवाल्यांना हात द्यावासा वाटला. त्यांनी दिला नाही. समोरच्या दाराला कुलूप लागलं आणि जिना पुन्हा पूर्वीसारखा झाला.

वर्ष भरलं तशी समाजशास्त्राची मुलगी आली. चष्मा नवा होता. तोच प्रश्न तिने विचारला, कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा की नेहमी.

"नेहमी," काटेवाले ताठ बसून म्हणाले. एका शब्दाचाही फरक पडू दिला नव्हता.

"या वर्षात कुणी भेटायला आलं होतं?"

"आलं होतं. दोन-चार दिवसांआड यायचा. पण मी घेतलं नाही आत." मग तिला नीट कळावं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. ड्रायव्हर, रमी, जिना, काठी. बिस्किटवाल्या बाईंना टाळलं तेही. "तू म्हणाली होतीस ना, जसं चाललंय तसंच चालू द्या. मी काही बिघडू दिलं नाही बघ."

मुलीने लिहायचं थांबवलं होतं. चष्मा काढून ती ओढणीने पुसत बसली, तो स्वच्छच होता तरी.

"काका, तसं म्हणायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "आमच्याकडून कुणी येणार नाही, एवढंच होतं ते. बाकी तुम्ही काहीही..."

"म्हणजे त्याला आत घेतलं असतं तर?"

"चाललं असतं, काका."

"रमी खेळलो असतो तर?"

तिने नुसती मान हलवली. होय, चाललं असतं. काटेवाले बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. पेटीतल्या वजनाला कधी बोट न लागू देणारे हात ते. धातूचा नियम माणसाला लावून बसलो, एवढी साधी चूक आपल्या हातून व्हावी! बायको असती तर कपाळाला हात लावून म्हणाली असती, काय नमुना आहे.

"चूक माझी आहे," मुलगी म्हणाली. "मी नीट सांगायला हवं होतं. बसू का मी थोडा वेळ?"

ती बसली. बायकोचा कप बाहेर निघाला. अभ्यासाबद्दल कुणी बोललं नाही. निघताना दारात तिने वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत जिना उतरली.

काटेवाल्यांनी दार लावून घेतलं नाही. समोर कुलूप तसंच होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून पत्ते काढले, जोकर शोधला आणि नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. त्यांना वाटलं, कुणी उचलायचं नाही.

"कोण?" खिडकीची तावदानं थरथरावीत असा आवाज.

"मी. काटेवाले."

पलीकडे काहीतरी आदळल्याचा आवाज झाला, बहुधा काठी पडली असावी. "झालं का वर्ष?"

"झालं," काटेवाले म्हणाले. "झालं हो. पण तुम्ही आता तिकडे..."

"तिकडे-बिकडे सोडा. पत्ते आहेत ना? वाटा."

फोन खांद्याशी धरून काटेवाल्यांनी पत्ते पिसले आणि वाटले. एक आपल्याला, एक त्याला. टेबलाच्या पलीकडे रिकाम्या खुर्चीसमोर ड्रायव्हरचे तेरा पत्ते पालथे पडले.

"वाटले."

"आता माझे पत्ते मला वाचून दाखवा," ड्रायव्हर म्हणाला. "पण बघायचे नाहीत हं!"

काटेवाले हसले. मग डोळ्यांना बाही लावून, जन्मात कधी मापात पाप न केलेल्या त्या माणसाने पलीकडचा पहिला पत्ता सुलटा केला आणि मोठ्याने वाचला, "बदाम सत्ती."