एका दमात अकरा पायऱ्या

माहूरला जाणाऱ्या मुदखेडच्या बायांमध्ये सिंधुचं नाव एका गोष्टीसाठी घेतलं जायचं. रेणुकामातेचा गड चढताना ती "उदोऽऽ" असा सूर लावायची आणि अकरा पायऱ्या होईपर्यंत तो तुटू द्यायची नाही. मागच्या बाया मोठ्यानं पायऱ्या मोजायच्या. अकरा झाल्या की सिंधु पदरानं घाम पुसत अशी हसायची, जणू गड तिनंच बांधलाय.

ही गोष्ट कारखान्यात लागण्याआधीची.

शेतात गलांड्याची फुलं तोडायचं काम चार महिन्यांत संपायचं. म्हणून ती रोज सकाळच्या गाडीनं नांदेडला जाऊ लागली. तिथं फिनेल, ॲसिड आणि ब्लिचिंग पावडरचा कारखाना होता. उघड्या टाकीतून ब्लिचिंग काढायचं आणि पुड्या भरायच्या, हे तिचं काम. नाकाला ओला रुमाल बांधायचा आणि सुटी होताना गुळाचा खडा खायचा. गुळानं छाती धुऊन निघते, असं तिथल्या समस्त शहाण्यांचं मत होतं.

तिसऱ्या वर्षी खोकला लागला. पुढं छातीत शिट्टी वाजू लागली आणि स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावं लागे. "ठसका हाय, जाईल," ती नवऱ्याला, अण्णारावला, सांगायची.

गंमत म्हणजे नवरात्रात तो जायचाही. सिंधु नऊ दिवस माहूरला बहिणीकडं राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी छाती मोकळी व्हायची, नवव्या दिवशी रात्रभर शांत झोप लागायची. परत येऊन टाकीवर बसली की आठवड्यात शिट्टी पुन्हा सुरू. "आईनं हात फिरवला व्हता, तिच्यापासून लांब आलीस न्हवं," अण्णाराव म्हणायचा. कारखान्याचे मालक अमृतराव तर मोठे भक्त. टाकीजवळ पंखा मागून तोंड दुखलं तरी तो यायचा नाही, पण माहूरची गाडी न मागता दारात उभी राहायची. बाया त्यांना दुवा द्यायच्या.

दर वर्षी मात्र पायऱ्या कमी होत गेल्या. अकराच्या आठ, आठाच्या पाच. सिंधुला वाटायचं, आपलंच काही चुकतंय, आई रुसलीय. मग तिनं चपला सोडल्या, उपवास वाढवले, देवीपुढं कान धरले. झाडताना, भाकरी थापताना ती मनातल्या मनात तो लांब सूर लावून बघायची. त्या सुरासाठी तिचा जीव तुटायचा.

एका सकाळी ती स्टेशनच्या पुलावरच खाली बसली. ओठ निळे पडलेले. लोकांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. दुपारी जरा बोलता येऊ लागल्यावर तिनं ब्लिचिंगच्या कामाचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर मालविकांनी विचारलं, "मावशी, त्रास कमी कधी होतो?"

"माहूरला. देवीपाशी."

"आणि दिवाळीत माहेरी जाता, तेव्हा?"

सिंधुनं आठवून पाहिलं. "तिथंबी बरंच वाटतं की."

"माहेरी ब्लिचिंग आहे?"

कामावर नसलं की बरं वाटतं, हा सरळ हिशेब सात वर्षं सिंधुच्या डोळ्यांपुढं होता आणि तिनं तो देवीच्या ओटीत घातला होता. तिला डॉक्टरांचा राग आला, मग स्वतःचा, मग मालकांच्या गाडीचा. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला, टाकीवर परत बसायचं नाही असं बजावलं. आणि खरं तेही सांगितलं: गेलेला दम पुरता परत येईल याचा भरवसा नाही. ज्यांचा खोकला नुकता सुरू झालाय, त्या मात्र आत्ता टाकीवरून उठल्या तर वाचतील.

सिंधुला शेजारच्या पाटावर बसून पुड्या भरणारी उज्वला आठवली. लग्नाला वर्ष झालेली पोर, महिनाभर खोकत होती आणि तिनं माहूरला नवस बोलला होता.

दवाखान्यातून सुटल्यावर सिंधु थेट कारखान्यात गेली. "उज्वला, देवीकडं जा, पण आधी इथून ऊठ," म्हणत तिनं तिला हाताला धरून मालकांपुढं उभं केलं.

"यंदा दोन गाड्या करू माहूरला," अमृतराव प्रेमानं म्हणाले.

"गाडी नगं, मालक. टाकीला झाकण करा, धूळ वढून बाहेर टाकणारा पंखा बसवा. तोवर आमी टाकीवर..." तिला खोकला आला. पुढचे शब्द निघेनात.

"...बसणार न्हाई," उज्वलानं वाक्य पुरं केलं. मागं बाकीच्या बाया उठून उभ्या होत्या.

तीन आठवडे टाकी बंद राहिली, तेव्हा कुठं पंखा आला. भरणं झाकणाआड गेलं, नीट मास्क आले. सिंधुनं काम सोडलं. उज्वला बाटल्यांना लेबलं लावायला दुसऱ्या खोलीत गेली आणि तिचा खोकला थांबला.

त्या नवरात्रात दोघी गडावर गेल्या. सिंधुनं पंप ओढला, पदर खोचला आणि सूर लावला. चौथ्या पायरीवर तो तुटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून उज्वलानं तो तसाच उचलला आणि वर निघाली. सिंधु पायरीवर बसली आणि मोठ्यानं मोजू लागली, पाच, सहा, सात.