शेवाळ नव्हे, कुमुदचे प्राणी

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. तिचा पुतण्या म्हणाला, "मावशी, आत्या झोपेतच गेली." मी उरलेले वाटाणे सोलून संपवले आणि मग रडले... शोकसभेत मात्र रडू आलं नाही, राग आला. तिच्या कॉलेजातले एक जुने सहकारी म्हणाले, "बाई एकट्या, म्हणून बिचाऱ्यांनी शेवाळात जीव रमवला." मी खुर्चीतूनच ओरडले, "शेवाळ नव्हे, प्राणी होते ते! आणि बिचारी कोण?" म्हातारीला कोण गप्प करणार?

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आम्ही गंगापूर रोडला शेजारी आलो. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, मी शाळेत चित्रकला. खांद्याला शबनम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि साऱ्या नाशिकला सौंदर्यदृष्टी द्यायचा ठेका जणू माझ्याकडे! कुमुद दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे हर्णैला जायची आणि बंदरातल्या जुन्या दोरांवरून काहीबाही खरवडून स्पिरिटच्या बाटल्यांत भरून आणायची. एकदा मी सोबत होते. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, लोणचं सांडू नका."

"लोणचं नाही, प्राणी आहेत."

"मग त्यांचं अर्धं तिकीट काढा!"

मलाही त्या बाटलीत शेवाळाची काडीच दिसली होती. कुमुदने ती मायक्रोस्कोपखाली धरली. नेच्यासारखी इवलीशी फांदी, तिच्यावर ओळीने दातेरी काठाचे काचेचे पेले, प्रत्येक पेल्यात आक्रसून बसलेला जीव. "यांना हायड्रॉइड म्हणतात. सगळ्यांची पोटं आतून जोडलेली. एकाने खाल्लं की सगळ्यांना पोचतं."

"म्हणजे एकत्र कुटुंबच की."

"छे! इथे कोणी कोणाच्या पोळ्या मोजत नाही."

चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं. एक डोळा नळीत, दुसरा कागदावर. मी एक पेला झकास काढला आणि तस्साच फांदीभर उतरवला. कुमुद बघतच राहिली. "इंदे, ही रांगोळी झाली. काठाचा एक दात आत वळलाय, तो कुठे गेला?"

"वाईट दिसत होता. सरळ केला."

"अगं बये, त्या दातावर तर सगळं आहे! तो खरा असेल तर ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही."

थोर कलावतीने आठवडाभर गाल फुगवले, मग निमूटपणे एकेक पेला दिसला तसा काढला. नव्या जातीवरचा कुमुदचा लेख मुंबईच्या एका तज्ज्ञांकडे तपासायला गेला. उत्तर आलं : जात जुनीच आहे, दात स्पिरिटमुळे वळला असावा, शिवाय नाशिकला समुद्र कधी आला?

मी म्हटलं, "एवढे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल."

"कळतं गं. पण त्यांनी बघितलं कुठे?"

पुढच्या सुट्टीत मायक्रोस्कोप गोधडीत गुंडाळून आम्ही पुन्हा हर्णैला. ओहोटीला कुमुद साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, आणि बहिणीच्या पडवीत, वाटीभर समुद्राच्या पाण्यात, स्पिरिटचा थेंबही न लावता आम्ही ते पेले बघितले. दात वळलेलाच होता... पेल्यामागून पेल्यात. आतले जीव हात पसरून बसले होते. "हळू बोल," कुमुद म्हणाली, "जेवतायत."

लेख छापून आला. नव्या जातीला तिने बंदराचं नाव दिलं. "माझं का नाही?" मी विचारलं. "तुझं दिलं असतं तर उद्या येऊन दात सरळ केला असतास."

आता पुतण्या फ्लॅट विकतोय. "मावशी, त्या बाटल्या मोरीत ओतून टाकू?"

"हात तर लाव, मग बघ!"

रिक्षात मांडीवर घेऊन एकूण एक बाटली मी, हल्ली राहते त्या मुलाच्या घरी आणली. हॉलच्या शोकेसमधला सुनेच्या माहेरचा टी-सेट माळ्यावर गेला. सून कमरेवर हात ठेवून उभी. "आई, पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं काय?"

"सांगायचं काही नाही. आधी चहा द्यायचा, मग माझ्याकडे पाठवायचं. बघितल्याशिवाय इथून कोणी उठणार नाही."