तिनं अर्ध्यावर थांबवलेला व्हिडिओ

इकडं सरक जरा, कागदातूनच का होईना. आधी रागावून घेते. कावून गं, आठ-आठ दिवस फोन न्हाई? अभ्यास काय होस्टेलात तुला एकटीलाच हाय? मलाही दिवाळीच्या आत केजच्या केंद्रावर स्वाध्याय द्यायचाय.

हसू नको. हे बी.ए. मी हौसेनं धरलेलं न्हाई. तुझ्या आईच्या दहाव्याला तुला घरीच ठेवलेलं, म्हणून तुला ठाऊक न्हाई. नदीवर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. तुझे बाबा म्हणाले, "पोरीला जपतो." न्हाई. तुझा मामा म्हणाला, "तिला शिकवतो." तरी न्हाई. ऊन डोक्यावर आलं.

मग मला आठवलं. काविळीनं अंथरूण धरायच्या आधी ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भाकरी थापताना फोन डब्याला टेकवून व्हिडिओ लावायची. टिपणं कशी काढावीत, उत्तर कसं मांडावं, असले. मी सासूच्या तोऱ्यात टोमणा हाणायची, "कलेक्टरीणबाई, भाकर करपली!"

"करपलेली मी खाते आत्याबाई, तुमी ऐका तरी."

मी पिंडापुढं हात जोडले. "बाई, तुझा अभ्यास मी पुरा करते." बोलणं संपतं न संपतं तोच कावळा उतरला. लोक म्हणाले, सुटली बिचारी. अडकली ती मी.

चौथीतून काढलेली बाई मी. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली, नाव घातलं. शिकवायला कोण? तिचाच फोन, तिनंच साठवलेली यादी. पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहायचं, हे त्यातच कळलं. लिहिण्याआधी मुद्दे मांडायचे, हेही. एका व्हिडिओतली बाई म्हणाली, लिहिलेलं मोठ्यानं वाचा, चूक कानाला कळते. दुपारी स्वयंपाकघरात वाचायला बसले. एका वाक्याला अडखळले आणि चुलीकडून आलं, "हं?" ऐकताना काही खटकलं की असं म्हणायची तिची सवय तुला माहितीय. मी वळले न्हाई. वाक्य तेवढं बदललं.

तेव्हापासून रोज असंच चाललंय.

आता एकच राहिलाय, संदर्भ कसे द्यावेत. व्हिडिओखाली लाल रेघ असते ना, बघणारी कुठवर आली ते सांगणारी? बाकी सगळ्या शेवटपर्यंत लाल आहेत. याची अर्ध्यावर थांबलीय. तिथंच ती उठली असेल, मीच हाक मारली असेल. माझ्या स्वाध्यायात तिच्या वहीतली चार वाक्यं जशीच्या तशी आलीत. केंद्रावरचे सर म्हणाले, "आजी, ज्याची वाक्यं त्याचं नाव खाली द्या." द्यायचंच हाय. पण वहीतल्या शब्दांना नाव कसं जोडायचं, ते त्या व्हिडिओत. बटन दाबलं की रेघ पुढं सरकणार, तिची जागा पुसणार. शेजारणीच्या फोनवर बघता येईल, पण मग तिचा अर्धाच राहील. मी तर पुरा करते म्हणाले होते.

रोज बोट नेते, माघारी घेते. काल मी काही वाचतही नव्हते, तरी चुलीकडून आलं, "हं?"

तू ये गं. सुट्टी लागायची वाट बघू नको, नेकनूरहून काळीपिवळी जीप मिळेल. बटन तू दाब, मी तुझा हात धरून बसते. दोघी मिळून तिचं नाव लिहू. भाकर मी आधीच करून ठेवीन, करपू देणार न्हाई. लवकर ये, माय.